‘पब्लिक’ ते ‘सार्वजनिक’ : एका विशेषणाचा कोकणातील अर्थप्रवास

१. प्रास्ताविक

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे समुद्रकाठचे गाव तेथील शिवमंदिरामुळे सर्वपरिचित आहे. अनेक चित्पावन घराण्यांचे ते कुलदैवत असून महाशिवरात्रीस तेथे भाविकांची गर्दी होते. मंदिर, मंदिराकडे जाणारी वाट, नारळी-पोफळीच्या बागा, त्यांतील विहिरी आणि त्यांपलीकडचा वाळूचा किनारा एवढ्या लहानशा भूभागात एका इंग्रजी विशेषणाचे जवळजवळ सर्व अर्थ एकत्र आढळतात. ते विशेषण म्हणजे ‘पब्लिक’. मंदिर हे सार्वजनिक देवस्थान की काही कुळांचे दैवत, वाट गावाची की सरकारची, विहिरीवर पाणी कोणी भरावे आणि समुद्रकिनारा कोणाचा, हे प्रश्न अखेरीस या एका शब्दाच्या अर्थनिश्चितीपाशी येऊन थांबतात.

‘पब्लिक’ हा इंग्रजीतील नित्याच्या वापरातील शब्द आहे. मराठीत त्यास ‘सार्वजनिक’ हा प्रतिशब्द इतका रुळला आहे की, तो प्रतिशब्द आहे याचेही सहसा भान राहत नाही. तथापि, या दोन शब्दांच्या मागे भिन्न परंपरा उभ्या आहेत. एकोणिसाव्या शतकात त्या एकत्र आल्या, तेव्हा मराठी समाजासमोर एक नवाच प्रश्न उभा राहिला : ‘सर्वजन’ या पदात नेमके कोण मोडतात? या प्रश्नाची उत्तरे मराठी समाजाने सभांत, हौदांवर आणि न्यायालयांत कशी दिली, याचा विचार प्रस्तुत निबंधात कोकणच्या, विशेषतः रत्नागिरी व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे.

२. इंग्रजी शब्दाचे स्वरूप

‘पब्लिक’ हा शब्द लॅटिन ‘पब्लिकस’ यावरून आलेला आहे. त्याचा संबंध लोकवाचक ‘पोप्युलस’ या शब्दाशी असून प्रौढ पुरुषवाचक ‘प्यूबेस’ या शब्दाचाही त्याच्या रूपावर परिणाम झाल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे मुळातच या शब्दातील ‘लोक’ हे सरसकट सर्व मनुष्यमात्र नव्हते. राज्यकारभारात ज्यांना स्थान आहे असे प्रौढ पुरुष, ही मर्यादा त्यात अंतर्भूत होती. इंग्रजीतही या मर्यादेची एक खूण दीर्घकाळ टिकून होती. ‘पब्लिक मॅन’ म्हणजे लोककार्यात वावरणारा प्रतिष्ठित गृहस्थ. परंतु हेच विशेषण स्त्रीला लावले की त्याचा अर्थ वेश्या असा होत असे. विशेषण एकच, परंतु विशेष्य बदलताच सन्मानाची जागा कलंकाने घेतली.

या शब्दाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याची विरुद्धार्थी पदे स्थिर नाहीत. कधी तो ‘खासगी’च्या विरुद्ध येतो, कधी ‘गुप्त’च्या, तर कधी ‘घरगुती’च्या. इंग्लंडमधील ‘पब्लिक स्कूल’ ही भरमसाट शुल्क घेणारी, सरकारी नियंत्रणाबाहेरची शाळा असते. घरी शिक्षक ठेवून दिल्या जाणाऱ्या शिक्षणाच्या तुलनेत ती ‘पब्लिक’ ठरली. अमेरिकेत मात्र त्याच नावाची शाळा सरकारी पैशावर चालणारी असते. आपल्याकडे शाळांच्या पाट्यांवर ‘पब्लिक स्कूल’ ही अक्षरे दिसतात तेव्हा त्यांत इंग्लंडमधील प्रतिष्ठेची छाया असते; ती शाळा सर्वांना खुली आहे असा अर्थ कोणीही घेत नाही.

मराठीत या एका विशेषणाचे काम अनेक शब्दांना वाटून घ्यावे लागले, ते याच कारणाने. उघडपणाचा अर्थ असेल तेथे ‘जाहीर’ हा अरबीतून आलेला शब्द पुढे आला : जाहीर सभा, जाहीर माफी, जाहीरनामा. राज्यसंस्थेचा अर्थ असेल तेथे ‘सरकारी’ : सरकारी वकील. जनसमूहाचा अर्थ असेल तेथे ‘लोक’ किंवा ‘जन’ : लोकसेवा आयोग, लोकमत, जनहित याचिका, जनसंपर्क. उरलेला आणि सर्वांत कठीण अर्थ, म्हणजे सर्वांचा समान हक्क असलेली वस्तू, जागा वा कार्य, हा ‘सार्वजनिक’ या शब्दाच्या वाट्यास आला. मूळ इंग्रजी शब्दही ‘पब्लिक’ या रूपात मराठी बोलीत आला; पण तेथे तो विशेषण न राहता नाम झाला आणि ‘जमलेली माणसे’ एवढाच अर्थ त्याला उरला.

३. ‘सार्वजनिक’पूर्वीची मराठी व्यवस्था

‘सार्वजनिक’ हा शब्द इंग्रजांच्या काळात नव्याने घडविला गेला, असा समज असल्यास तो दुरुस्त करावा लागेल. पाणिनीच्या ‘तस्मै हितम्’ या प्रकरणाच्या अनुषंगाने आलेल्या वार्तिकात ‘सर्वजन’ या शब्दापासून ‘सार्वजनिक’ व ‘सर्वजनीन’ ही दोन्ही रूपे सिद्ध केलेली आहेत. तेथे अर्थ आहे ‘सर्व जनांना हितकर’. या अर्थात मालकी नाही, राज्यसंस्था नाही आणि उघडपणाही नाही. केवळ हित आहे. एकोणिसाव्या शतकात या जुन्या शब्दावर हक्काचा अर्थ आरोपित झाला. हितकर असणे आणि हक्काचे असणे यांतील अंतर हाच पुढील साऱ्या संघर्षाचा गाभा होय.

त्यापूर्वीच्या मराठी समाजात सामाईक गोष्टी नव्हत्या असे नाही. गायरान, पाणंद, चावडी, ग्रामदैवत, तळे या गोष्टी ‘गावाच्या’ होत्या. कोकणात डोंगरउतारावरील दगडी पाखाडी, वहाळाचे पाणी, देवाची सहाण व शिमग्याची पालखी यांवर गावकीचा अधिकार चाले. परंतु गावकीतील अधिकार समान नसे. पालखीला पहिला खांदा कोणाचा, गाऱ्हाणे कोणी घालायचे, पाणी कोणत्या बाजूने कोणी भरायचे, हे सर्व ‘मान’ व ‘वहिवाट’ यांनी ठरलेले असे. गावाची वस्तू सर्वांची असे, मात्र प्रत्येकाची जागा वेगळी असे. आणि ज्याची वस्ती गावकुसाबाहेर, त्याची जागा त्या वस्तूपासूनही बाहेर असे. रत्नागिरी जिल्ह्यात यात खोतीची भर पडली. सरकार व कूळ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या खोतामुळे गावातील पड जमीन, झाडे व वाटा यांवर नेमका कोणाचा अधिकार, हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला.

विरुद्धार्थी शब्दाचा इतिहासही उद्बोधक आहे. मराठेशाहीत ‘खासगी’ म्हणजे राजघराण्याच्या निजी खर्चासाठी राखलेले उत्पन्न व त्याचा कारभार. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन भाग स्पष्टपणे वेगळे मानले जात, आणि अहिल्याबाईंच्या धर्मकार्यांचा संबंध या खासगीशी जोडला जातो. म्हणजे त्या काळी ‘खासगी’ हा शब्द सामान्य माणसाच्या घरास लागू नव्हता. तो सत्तेच्याच एका दालनाचे नाव होता. देशभर घाट व धर्मशाळा बांधल्या गेल्या त्या ‘खासगी’ पैशातून, आणि वापरल्या गेल्या त्या सर्वांसाठी, या वस्तुस्थितीकडे पाहिल्यास आजची ‘खासगी’ व ‘सार्वजनिक’ ही जोडी किती अलीकडची आहे याची कल्पना येते.

४. सभा, सेवा आणि ‘सार्वजनिक जीवन’

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. जांभेकर हे तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील पोंभुर्ले गावचे. या पत्रात इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जात असे. राज्यकारभार, लोकमत आणि लोकहित यांविषयीच्या इंग्रजी कल्पना मराठीत आणण्याचे काम असे अक्षरशः समोरासमोर ठेवून सुरू झाले. पुढे १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिताना गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ हे नाव घेतले. ‘सर्वजनांचे हित’ या जुन्याच अर्थाचे ते नवे रूप होते.

‘सार्वजनिक’ या शब्दास राजकीय प्रतिष्ठा मिळाली ती २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेमुळे. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीची तक्रार हे तिच्या स्थापनेचे एक निमित्त होते, ही गोष्ट या निबंधाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. देवस्थानाचा हिशेब लोकांनी मागावा की नाही, या प्रश्नातून ‘सार्वजनिक’ या शब्दाचा आधुनिक अर्थ आकारास आला. सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या मागे सहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्या होत्या. निवडणुकीचा कायदेशीर हक्क नसलेल्या काळात प्रातिनिधिकतेचा हा प्रयोग असामान्य म्हणावा लागेल. सभेचे एक संस्थापक गणेश वासुदेव जोशी यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले, आणि एक नवे विशेषण माणसाच्या नावाचा भाग होऊन गेले.

तथापि, सभेचे नेतृत्व सरदार, इनामदार, वकील व सुशिक्षित वर्गाकडे होते. महात्मा जोतीराव फुले यांनी या नेतृत्वावर टीका केली. मात्र त्यांनी हा शब्द सोडून दिला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अखेरच्या ग्रंथाचे नाव ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ असे आहे. सर्व स्त्री-पुरुषांना समान लागू होईल तोच धर्म सार्वजनिक, असा व्यापक अर्थ फुले यांनी या शब्दास दिला. त्यापूर्वीच, १८६८ मध्ये, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. हौद मालकीने खासगी होता, पण वापराने सार्वजनिक झाला. ज्या तळ्यांना गावाची म्हटले जाई, ती मात्र त्याच लोकांना बंद होती.

सभेच्या परंपरेतून घडलेले सर्वांत मोठे व्यक्तिमत्त्व वेळणेश्वरच्याच परिसराशी निगडित आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे झाला. गोखले घराण्याचे मूळ वेळणेश्वर येथे मानले जाते. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली गोखले यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम केले, आणि सभेत फूट पडल्यानंतर १८९६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन सभेच्या कामात भाग घेतला. १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाविषयी वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली. त्याच वर्षी पुण्यातील प्लेग बंदोबस्तातील सैनिकांच्या वर्तनाविषयी त्यांनी केलेले आरोप पुराव्याअभावी मागे घेऊन माफी मागण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. ‘जाहीर’ आणि ‘सार्वजनिक’ यांतील भेद या प्रसंगी स्पष्ट होतो. माफी जाहीर होती. तिने डागाळले ते सार्वजनिक जीवन, आणि ते पुन्हा उभे करण्यास पुढील अनेक वर्षांचे काम लागले. १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळातील अर्थसंकल्पीय भाषणांत त्यांनी शिलकी रक्कम करदात्या रयतेच्या हितासाठी खर्च व्हावी असा आग्रह सातत्याने धरला. सरकारी तिजोरीतील पैसा सरकारचा नसून लोकांचा आहे, हा ‘पब्लिक’ शब्दाचा अर्थ त्यांनी सरकारपुढेच मांडला. १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना करताना सार्वजनिक जीवनास अध्यात्माचे अधिष्ठान द्यावे, हे ध्येय त्यांनी पुढे ठेवले.

५. तळे कोणाचे?

सभांमधील ‘सार्वजनिक’ आणि पाणवठ्यावरील ‘सार्वजनिक’ यांची खरी गाठ विसाव्या शतकात पडली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा आणि सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, दवाखाने इत्यादी अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. या ठरावात ‘सार्वजनिक’ या शब्दाची कसोटी प्रथमच नेमकी झाली : पैसा कोणाचा आणि व्यवस्था कोणाची. पूर्वापार कोण पाणी भरत आले, हा प्रश्न त्या कसोटीत बसत नव्हता.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात काहीही बदलले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेस आलेल्या लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले, तेव्हा कागदावरील विशेषण प्रथमच कृतीत उतरले. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातीलच, मंडणगड तालुक्यातले. त्यानंतर परिषदेहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबर १९२७ मध्ये स्थानिक सवर्णांनी दिवाणी दावा दाखल केला. त्यांचे म्हणणे असे की, हे तळे आसपासच्या घरमालकांच्या खासगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे न येऊ देण्याची अनादि काळापासूनची रूढी आहे.

या दाव्यातील युक्तिवादाचे स्वरूप विचारात घेण्यासारखे आहे. तळ्यावर मुसलमान पाणी भरत. इतर जातींचे लोकही भरत. तेव्हा तळे ‘खासगी’ असेल तर ते केवळ एका समूहाच्या बाबतीत खासगी ठरत होते. बहिष्कारासाठी ‘खासगी’ या शब्दाचा असा आधार घेण्यात आला होता. दाव्याचा निकाल लागण्यास जवळजवळ दहा वर्षे गेली. महाड येथील न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला, ठाणे येथील अपील न्यायालयाने १९३३ मध्ये तोच निर्णय कायम केला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तळे नगरपालिकेकडे निहित आहे आणि वादींनी सांगितलेली रूढी अनादि असल्याचे सिद्ध होत नाही, असा निर्णयाचा सारांश होता.

येथे एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. न्यायालयाने समतेचे तत्त्व प्रस्थापित केले नाही. रूढीचा पुरावा अपुरा ठरविला. रूढी अनादि असल्याचे सिद्ध झाले असते, तर निकाल काय लागला असता, हा प्रश्न खुलाच राहिला. त्याचे उत्तर राज्यघटनेने दिले. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणावरही निर्बंध घालता येणार नाही अशी तरतूद आहे. राज्याच्या पैशातून राखलेल्या जागांबरोबरच जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या जागाही तीत समाविष्ट आहेत. बोले ठरावातील पैशाच्या कसोटीस येथे अर्पणाची दुसरी कसोटी जोडली गेली.

६. मंदिर आणि किनारा

अर्पणाची ही कसोटी मंदिरांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची ठरते. रत्नागिरी येथे १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने आणि स्वातंत्र्यवीर सावरकर यांच्या प्रेरणेने पतितपावन मंदिर उभे राहिले. जुन्या देवळांत सर्वांना प्रवेश मिळत नसल्यामुळे सर्वांसाठी नवे देऊळ बांधावे लागले, ही घटनाच त्या काळातील ‘सार्वजनिक देवस्थान’ या शब्दप्रयोगावरील भाष्य आहे. १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्याने व १९५६ च्या सार्वजनिक पूजास्थानविषयक कायद्याने मुंबई राज्यात ही अडचण कायद्याच्या पातळीवर दूर केली. दरम्यान १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला होता. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. त्यातील व्याख्येनुसार हिंदू समाज किंवा त्याचा कोणताही विभाग जेथे हक्काने उपासना करतो, ते मंदिर सार्वजनिक उपासनेचे स्थान ठरते. देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये असे स्पष्ट केले की, लाभार्थी निश्चित व्यक्ती असतील तर व्यवस्था खासगी आणि लाभार्थी सर्वसाधारण जनता असेल तर ती सार्वजनिक.

कुलदैवताची संकल्पना या विभागणीत सहज बसत नाही. वेळणेश्वरसारख्या ठिकाणी अनेक आडनावांची, पिढ्यान्‌पिढ्या देशावर स्थायिक झालेली कुटुंबे ‘आपल्या’ देवास येतात. गावकरी ‘आपल्या’ ग्रामस्थानी नित्य दर्शन घेतात. पर्यटक केवळ वाटेवरचे म्हणून येतात. या तिन्ही ‘आपलेपणां’ची जात वेगळी आहे. कुळाचा भाव जिव्हाळ्याचा असतो, गावाचा वहिवाटीचा असतो आणि आगंतुकाचा हक्क केवळ नागरिकत्वाचा असतो. कायदा यांतील शेवटच्या, म्हणजे सर्वांत परक्या माणसाच्या हक्कावरून ‘सार्वजनिक’ हे विशेषण ठरवितो. जिव्हाळा मोजता येत नाही आणि वहिवाटीत उच्चनीच भाव दडलेला असतो, हे महाडच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे. म्हणून कायद्याची ही पद्धत योग्यच म्हणावी लागेल.

किनाऱ्याच्या बाबतीत प्रश्न आणखी निराळा आहे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने सार्वजनिक रस्ते, वाटा, नद्या, नाले आणि भरतीरेषेखालील समुद्र व खाड्यांचा तळ या, इतर कोणाच्या मालकीच्या नसलेल्या, गोष्टी सरकारच्या मालकीच्या ठरविल्या. हीच तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आली. येथे ‘सार्वजनिक’ आणि ‘सरकारी’ या शब्दांत सरमिसळ झाली. जे सर्वांचे ते सरकारचे, आणि सरकारचे म्हणून सरकारने कोणासही द्यावे, असा धोकादायक निष्कर्ष त्यातून निघू शकत होता. कमलनाथ प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निष्कर्षास अटकाव केला. समुद्रकिनारे, वाहते पाणी, हवा व वने यांचे सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, हे प्राचीन रोमन कायद्यातून आलेले तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आणि त्यानंतर २०११ व २०१९ मध्ये निघालेल्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना याच पार्श्वभूमीवर पाहाव्या लागतात. मात्र कोकणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे, होड्या वर घेणारे व मासळी सुकविणारे मच्छीमार आणि सुटीसाठी येणारे पर्यटक यांच्यात ‘सर्वजन’ म्हणून आधी कोणाचा विचार व्हावा, हा प्रश्न या तत्त्वाने आपोआप सुटत नाही.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) ‘पब्लिक’ या विशेषणाचे अर्थ मराठीने ‘जाहीर’, ‘सरकारी’, ‘लोक’, ‘जन’ व ‘सार्वजनिक’ अशा शब्दांत वाटून घेतले. ही उणीव नसून अर्थाची स्पष्टता आहे. ‘सार्वजनिक’ व ‘सरकारी’ यांतील सीमारेषा पुसट होते तेथेच सामान्य माणसाच्या हक्कास बाधा येते.

(२) ‘सार्वजनिक’ या शब्दाच्या मूळ अर्थात हित होते. एकोणिसाव्या शतकात त्यात प्रतिनिधित्व आले आणि विसाव्या शतकात हक्क आला. सार्वजनिक सभा, फुले यांचा ग्रंथ, गोखले यांचे कार्य आणि चवदार तळे हे या अर्थविस्ताराचे टप्पे होत.

(३) या विस्तारातील प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यात वगळल्या गेलेल्या माणसांमुळे शक्य झाला. सभेने सह्या मोजल्या; ज्यांच्या सह्या मोजल्या गेल्या नव्हत्या, त्यांनी तळ्यावर जाऊन ओंजळीत पाणी घेतले.

(४) स्त्रियांच्या बाबतीत या शब्दाचा इतिहास स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाच्या कामाने ‘सार्वजनिक कार्य करणारी स्त्री’ या शब्दप्रयोगास जी प्रतिष्ठा दिली, ती इंग्रजी भाषेतील या विशेषणाच्या जुन्या कलंकाच्या पार्श्वभूमीवर तपासली जावी.

एखादी जागा सार्वजनिक आहे असे म्हणताना ती कोणाची आहे हे सांगितले जाते. परंतु इतिहासात हा शब्द ज्या ज्या वेळी कसास लागला, त्या त्या वेळी तेथे कोणाला येऊ दिले जात नाही, याचाच शोध घ्यावा लागला. पाणवठे, देवळे आणि किनारे यांच्या संदर्भात हा शोध आजही संपलेला नाही.